नारळावरचा कबुलीजबाब

गणपतीत इथं सिंगापुरात मंडळाच्या हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत उभी राहिले, की कुणी ना कुणी हमखास विचारायचं, "वहिनी, तुम्ही म्हणे फुकट केसेस घेता? चोरांच्या?" विचारणारा बहुधा रॅफल्स प्लेसच्या एखाद्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर असायचा. हातात मोदकाची वाटी, चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी. मी म्हणायचे, "हो, आणि मारामाऱ्या करणाऱ्यांच्यासुद्धा. तुमची काही असली तर सांगा हं." मग तो हसायचा आणि घाईघाईनं पुढे सरकायचा. आमचे हेही त्याच पंथातले, बँकेतले. घर त्यांच्या पगारावर चाललं म्हणून माझी ही थेरं चालली, हे आधीच कबूल करून टाकते.

यंदा संपादकबाईंचा निरोप आला, "वकिलीतले गमतीदार अनुभव लिहा ना, दिवाळी अंक आहे." अहो, गमती आहेत की. पण त्या सांगायला बसलं की दुसरंच काहीतरी बाहेर येतं. आता निवृत्त झालेय, मुलीकडे पुंगोलला राहते. नातू शाळेतून येऊन इथल्या इंग्रजीत "आजी, यू टॉक टू मच लाह" म्हणतो. तेव्हा ज्यांना ऐकवत नसेल त्यांनी पुढचं पान उलटावं.

बाहेरच्यांसाठी माझं काम काय होतं ते आधी सांगते. गरीब आरोपीसाठी सरकारनं पगारी वकील नेमायचे, ही व्यवस्था इथं अलीकडची. तेव्हा फाशीचा खटला असेल तरच कोर्ट वकील द्यायचं. बाकीच्यांनी आपलं आपण निस्तरायचं, नाहीतर आमच्यासारख्यांकडे अर्ज करायचा. आम्ही काही वकील पोटापाण्याची कामं सांभाळून अशा केसेस घ्यायचो. मी पुण्याची, कायदा शिकले इंग्लंडात, इथली परीक्षा दिली आणि चायनाटाऊनजवळच्या एका लहानशा फर्ममध्ये बसायला लागले. हिंदी येते, मोडकं तमिळ येतं, म्हणून भारतीय कामगारांच्या फायली आपोआप माझ्या टेबलावर यायच्या.

तुम्ही म्हणाल, सिंगापूरसारख्या टिचभर देशात दुर्गम भाग कुठला आला? आहे हो. तेव्हा MRT, म्हणजे इथली मेट्रो, पश्चिमेला बून लेला संपायची. तिथून पुढे बस, बसच्या पुढे पायी. दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, कंटेनर, गोद्या, आणि त्यांच्यामागे कामगारांची डॉर्मिटरी. एका खोलीत दुमजली खाटा, खाटांना बांधलेल्या दोऱ्यांवर वाळत घातलेले ओव्हरऑल. तिथला माणूस कामावर लॉरीतून जातो, लॉरीतूनच परत येतो. वर्षानुवर्षं इथं राहून ऑर्चर्ड रोड न पाहिलेली माणसं मला भेटली आहेत. लांब म्हणजे किती लांब, ते अंतरावर थोडंच ठरतं!

आणखी एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गुन्हा कबूल करण्याची इथं एक रीत आहे. सरकारी वकील सगळी हकीकत वाचून दाखवतो आणि आरोपीनं ती जशीच्या तशी मान्य करायची. मध्ये 'पण' घालायचा नाही. 'पण' आला की न्यायाधीश म्हणतात, मग खटला चालवा. खटला चालवायचा म्हणजे वर्ष-दीड वर्षाची निश्चिती. तोवर पासपोर्ट पोलिसांकडे, काम बंद, घरी जाता येत नाही. कबूल केलं तर काही आठवडे आत आणि मग थेट विमानात. आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतंत?

बांधकामावरचा एक तमिळ माणूस होता, तांब्याची तार चोरल्याचा आरोप. न्यायाधीशांनी विचारलं. तो म्हणाला, "गिल्टी सर. बट आय नॉट टेक, सर." तारीख पडली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी त्याला परोपरीनं समजावलं, बाबा रे, घेतली नसशील तर लढू या. तो ऐकेना, त्याला घरी जायचं होतं. तिसऱ्या वेळी त्यानं छाती फुगवून खणखणीत आवाजात सांगितलं, "गिल्टी सर! नो बट, सर!" अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी त्याला बराच वेळ उलटसुलट विचारलं, पण गडी या खेपेला डगमगला नाही. हसलो आम्ही सगळे, आणि तो आत गेला. त्यानं ती तार घेतली होती की नाही, हे मला आजही माहीत नाही.

ही झाली गंमत. आता दशरथरावांचं सांगते. नाव बदललंय, गावाचं सांगतच नाही.

सार्सची साथ ओसरून थोडे दिवस झाले होते. एक फाईल आली: जहाज दुरुस्तीच्या यार्डातल्या सुपरवायझरला मागून डोक्यात लोखंडी पाना घातला, आरोपी अठ्ठेचाळीस वर्षांचा, जन्मगाव रत्नागिरी जिल्ह्यात. पोलिस डॉर्मिटरीत आले तेव्हा तो स्वतःच पुढे झाला आणि मी मारलं म्हणाला. जबाब हिंदी दुभाष्यामार्फत घेतला होता. सुपरवायझरला मी पुढे कोर्टाच्या आवारात पाहिलं. पन्नाशीचा उंचापुरा माणूस, डावी बाजू लुळी, बोलताना शब्द घसरायचे. बायको मायदेशातून आली होती, ती त्याचं तोंड पुसत होती. त्या माणसाची माती झाली होती, हे विसरून मला काहीही लिहायचं नाही.

रिमांडच्या तुरुंगात दशरथराव समोर आले. काळेसावळे, बारकेसे, केस पांढरे. मी मराठीत "बसा" म्हटलं तर ते बसायचे सोडून ताडकन उभेच राहिले.

"तुमी आपल्यातल्या?"

"पुण्याची."

"म्हंजे घाटावरच्या," असं म्हणून ते बसले. थोडेसे हिरमुसले असावेत.

काय झालं ते सांगा, म्हटलं. त्यांनी सांगितलं, पाठ केल्यासारखं. सुपरवायझर रोज आईवरनं शिव्या द्यायचा. त्या दिवशी राग आला. टूल-रूममधून मोठा पाना घेतला, मागनं गेलो, हाणला. कबूल करायचं आहे. लवकर संपवा.

"फटके बसतील, माहीत आहे? तीन-चार वर्षं आत आणि वर फटके."

"बसूं देत. आमची चामडी जाड हाय."

भेट संपली आणि वॉर्डर त्यांची झडती घ्यायला आला. हात वर करा म्हणाला. त्यांनी हात वर केले. डावा गेला डोक्याच्या वर, आणि उजवा छातीपाशी येऊन थांबला. वॉर्डरला सवयीचं असावं, त्यानं तसंच चाचपलं. मी मात्र दारातच थांबले. पाना सुपरवायझरच्या टाळूवर बसला होता, वरून खाली. फाईलमधल्या उंचीवरून दशरथराव त्याच्या खांद्यालाच लागत होते, आणि त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता.

पुढच्या भेटीत विचारलं. "जुना दुखणा हाय," ते म्हणाले. "शिडीवरनं पडलो व्हतो यार्डात. तवापासनं टूल-रूमला बसवला मला. पाने द्यायचे, पाने घ्यायचे."

"मग मारलंत कसं?"

"डाव्या हातानं."

"जबाबात उजवा आहे."

त्यांनी डाव्या हातानं उजवा खांदा चोळला. मग म्हणाले, "रागात माणसाचा हात जातो ओ वर."

नोव्हेनाला आमच्या ओळखीचा एक हाडांचा डॉक्टर होता, मूळ ठाण्याचा. त्याच्याकडे गेले. कुणाचं काय ते न सांगता नुसतं विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, असा आखडलेला खांदा रागानं सुटत नाही. रागानं सुटत असता तर माझा दवाखाना बंद पडला असता." तपासून लिहून द्यायला तयार झाला. त्या संध्याकाळी मी घरी तरंगतच आले. इतक्या वर्षांत माझ्या हातात असा धडधडीत बचाव कधी आला नव्हता. यांना म्हटलं, "अहो, हा माणूस सुटतोय!" हे म्हणाले, "त्याला सुटायचंय का पण?" बँकेतल्या माणसाला कधीकधी नको तेवढी अक्कल असते.

दशरथरावांना सांगितलं तर ते चिडलेच. "डॉक्टर-बिक्टर काय नको. मी मारला म्हनतंय ना? मग तुमाला काय पडलाय?"

तेव्हा मी रविवारी बून ले गाठलं. बस, मग पायपीट. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दशरथरावांच्या खोलीत सहा-सात जण होते, सगळे त्यांच्याच गावचे. एकाच ठेकेदारानं आणलेले. त्यांच्यातला वडीलधारा एक वेल्डर होता, त्याला सगळे तात्या म्हणत. तात्यांनी मला खोलीतली एकुलती एक खुर्ची दिली, स्टीलच्या पेल्यात चहा दिला. गॅसवर माशाचं कालवण रटरटत होतं. मी सहज म्हटलं, "दशरथराव इथंच जेवायचे ना तुमच्यात?"

खोलीच्या पार टोकाला, खाटेखाली, एक छोटा स्टोव्ह आणि त्यावर पालथं घातलेलं पातेलं होतं. तात्यांनी तिकडे मान केली. "त्याचा वेगळा हाय."

"का?"

"असाच."

मी पुण्याची असले म्हणून अगदीच बिनडोक नाही. "असाच म्हणजे काय? आजारी आहेत? भांडण आहे?" असं खोदून खोदून विचारलं तेव्हा तात्या भिंतीकडे बघत म्हणाले, "वाळीत हाय तो. त्याचा घर आमच्या गावकीनं वाळीत टाकलाय."

पेला माझ्या हातातच राहिला. कोकणातल्या त्यांच्या वाडीत गावकी बसते आणि एखाद्या घराशी बोलायचं नाही, त्याच्या लग्नाला-मयताला जायचं नाही, असं ठरवते, हे मी ऐकून होते. पण विमानात बसून ते वाळीत टाकणं सिंगापूरला येतं? वर्षानुवर्षं एका खोलीत झोपायचं, एका लॉरीत बसायचं, आणि याच्याशी कामापुरतं सोडून बोलायचं नाही? मी म्हटलं, "लाज नाही वाटली तुम्हाला?" मी मोठ्यानं ओरडले असणार, कारण शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

तात्या शांत होते. त्यांनी दार लावून घेतलं आणि मग हळूहळू सांगितलं. मारणारा कोण ते नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. खाटेवर गुडघ्यात डोकं घालून बसलेला तिशीचा एक माणूस रडत होता, आणि त्याच्या उशाशी बारशाचा फोटो चिकटवलेला होता. तो प्रकार झाला त्या रात्री याच खोलीत गावकी बसली. ग्रामदेवीच्या फोटोपुढं नारळ ठेवला. कुणीतरी जायला हवं होतं. प्रत्येकाच्या घरी खाणारी तोंडं होती. मग सगळ्यांची नजर त्या टोकाच्या स्टोव्हकडे गेली. बायको वारलेली, पोरबाळ नाही, मागे एक भाऊ आणि त्याचं कुटुंब. दशरथला मधे बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गावकीत त्याला सतरंजीवर बसवलं. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं: ह्यानं गावासाठी जावं, आणि गावानं ह्याचं घर परत पंगतीत घ्यावं, शिमग्याला देवीची पालखी ह्याच्या भावाच्या अंगणात न्यावी. सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." दशरथनं नारळावर हात ठेवला.

"फटके बसतात हे माहीत होतं तुम्हाला?"

"कसले फटके?"

मी सांगितलं कसले. हातपाय बांधून उघड्या कुल्ल्यांवर वेत मारतात, कातडी फाटते, डॉक्टर बाजूला उभा असतो आणि वळ जन्मभर राहतात, सगळं सांगितलं. आणि वर्षं सांगितली. तात्यांचा चेहरा उतरला. "आमाला वाटला, पाच-सा महिने बसवतील नि पाठवतील घरी."

त्यांची चूक माझ्या ध्यानात आली तेव्हा मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. गावाकडे पोलिस आले की गावकी एक माणूस काढून देते. तो चार दिवस आत बसतो, जामिनावर सुटतो, केस वीस वर्षं रेंगाळते, साक्षीदार मरतात आणि सगळे विसरून जातात. वर्षानुवर्षं हेच बघितलेल्या माणसांनी तोच हिशोब इथं लावला. इथं पोलिस, सरकारी वकील, न्यायाधीश सगळे वेळेवर येतात आणि शिक्षा म्हटली की शिक्षा होते, हे त्यांना कोण सांगणार?

"कोर्टात येऊन हे सांगाल?" मी विचारलं.

"नाय," तात्या म्हणाले. "ते नाय जमायचा. पण नारळ सोडवतो. आमी त्याला बांधला, आमीच सोडवतो."

माझ्यादेखत त्यांनी नवा नारळ ठेवला, पुन्हा गाऱ्हाणं झालं. सगळ्यांनी मान खाली घालून "व्हय महाराजा" म्हटलं. तो खाटेवरचा माणूसही पुटपुटला. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा तात्या म्हणाले, "मॅडम, त्याला सगळा सांगा. नारळ सुटला तो दोनी बाजूंनी सुटला. त्यानं जायचा नाय, नि आमी पालखी न्यायची नाय."

मी मनात म्हटलं, खड्ड्यात गेली तुमची पालखी. माणूस सुटतोय.

दुसऱ्याच दिवशी तुरुंगात जाऊन सांगितलं. दशरथराव ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "कोणकोण व्हते बैठकीला?" मी नावं सांगितली. "तात्यानं स्वता सांगितला? माज्यासाठी बसली गावकी?" होय म्हटलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग ते म्हणाले, "त्यांनी सोडला असंल. मी नाय सोडला."

"अहो, काय बोलताय? तुमचा बचाव आहे माझ्याकडे. डॉक्टर येईल, शपथेवर सांगेल. कोर्टात आपण..."

"कोर्टाचा तुमी मला सांगू नका," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "आमच्या बापसानं बघितला कोर्टात जाऊन. आमच्या अंगणातनं गावकीनं वाट काढली, तर बापूस कोर्टात गेला. गावकी नको म्हनत व्हती. गेला. धा वर्षं खेपा मारल्यान. नि जिंकला ओ मॅडम! निकाल आमच्या बाजूनं लागला. वाट बंद झाली. त्या दिवसापासनं आमच्या दारात कोन आला नाय. बापूस मेला तर उचलायला आमी दोघं भाव नि त्याचे दोन मेवणे. माजी बायको गेली तवा तर तेवडे पन नव्हते."

मी फाईल मिटली.

"भावाच्या दोन पोरी हाईत लग्नाच्या. वाळीतल्या घरातली पोर कोन करील? तुमचा डॉक्टर येऊन लिवून देनार काय तिच्यासाठी?"

"दशरथराव, मला एकच सांगा. मारलं तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "मीच मारला," म्हणाले. "नि परत इच्यारू नका. इच्यारलात तर दुसरा वकील घेईन, हिंदी बोलनारा."

पाय ओढत ऑफिसला आले. आमचे सिनियर म्हणजे एक वयस्क चिनी गृहस्थ, टेबलावर कायम थंड झालेली कॉफी. त्यांना म्हटलं, काय करू? ते म्हणाले, "क्लायंट से ही डू. यू से ही डिडन्ट. यू आर द विटनेस, इज इट?" मी म्हटलं, पण खोटं आहे हे. ते म्हणाले, "यू डिस्चार्ज युवरसेल्फ, नेक्स्ट लॉयर कम, सेम थिंग लाह. ओन्ली डिफरन्स, नोबडी टॉक टू हिम." म्हणजे मी केस सोडली तरी पुढचा वकीलही तेच करणार, फक्त त्याच्याशी मराठीत बोलणारं कुणी उरणार नाही. आमच्या धंद्यात अशील जे सांगेल ते वकिलानं कोर्टाला सांगायचं असतं. तो 'मी केलं नाही' म्हणाला तर आम्ही त्याला दोषी म्हणवून घेऊ देत नाही. पण तो 'मीच केलं' म्हणून ठाम उभा राहिला, तर त्याला निर्दोष ठरवायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. डॉर्मिटरीतल्या माणसांपैकी एकही साक्षीला येणार नव्हता. माझ्याजवळ काय होतं? झडतीच्या वेळी न उचललेला एक हात, आणि तोसुद्धा वापरायची मला मनाई.

तरी मी शेवटपर्यंत आशा धरून होते. म्हटलं, हकीकत वाचली जाईल तेव्हा हा माणूस कुठेतरी अडखळेल. 'पण' म्हणेल. एक 'पण' पुरे होता. मी आयुष्यभर लोकांना 'पण म्हणू नका' असं बजावत आले होते, आणि त्या दिवशी सबॉर्डिनेट कोर्टाच्या बाकावर बसून एका 'पण'साठी देवाची करुणा भाकत होते.

सरकारी वकिलानं वाचलं. दुभाष्यानं हिंदीत सांगितलं. उजव्या हातानं, वरून खाली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे सगळं मान्य आहे? तीन तऱ्हेनं विचारलं. चांगल्या होत्या बाई, त्यांना काहीतरी खटकलं असावं, त्यांनी माझ्याकडेही पाहिलं. मी खाली बघितलं. दशरथराव म्हणाले, "गिल्टी." मी दयेचं भाषण केलं: पूर्वीचा गुन्हा नाही, वय झालंय, पश्चात्ताप आहे. पन्नाशी उलटलेली असती तर फटके चुकले असते, दोन वर्षांनी हुकलं. चार वर्षं आणि सहा फटके. सुपरवायझरची बायको पहिल्या बाकावर होती. ती दशरथरावांकडे बघून थुंकली. आपल्याला न्याय मिळाला, अशी तिची समजूत झाली. दशरथरावांनी तिला हात जोडले. एक हात नीट वर येत नव्हता, म्हणून ते जोडणंही धड जमलं नाही.

फटक्यांनंतर मी भेटायला गेले होते. ते उभ्यानं बोलले. मी काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी विचारलं, "तात्याला कळवलात ना, मी सोडला नाय म्हनून? पालखीचा नक्की सांगा त्याला." मी कळवलं. तात्या फोनवर रडले. रडून काय होतं?

त्यानंतर मी काम करत राहिले, पण खरं सांगते, माझं लक्ष उडालं. पूर्वी वाटायचं, गरिबाला वकील मिळाला की अर्धं काम झालं. आता फाईल उघडताना वाटायचं, हा माणूस मला भेटायच्या आधीच त्याचा निकाल कुठेतरी लागून गेलाय. एखाद्या खोलीत, एखाद्या वाडीत, एखाद्या बैठकीत. मी फक्त शेवटचं टोक धरून उभी. घरी चिडचिड करायचे. हे म्हणायचे, सोड. सोडलंही नाही आणि धरलंही नाही, असं चाललं.

शिक्षेतली सूट मिळून दशरथराव सुटले. तुरुंगातून थेट विमानात बसवतात, त्यामुळे भेट झाली नाही. पुढच्या शिमग्यानंतर एके दिवशी ऑफिसात फोन आला. पलीकडे एसटीचे आवाज, कोंबडी ओरडत होती.

"मॅडम, मी दशरथ. पालखी आली ओ!"

"खरंच?"

"आली म्हंजे? भावाच्या अंगनात नाचवली. तात्यानं शब्द पाळलान. सगला गाव व्हता. वहिनीनं ओटी भरली देवीची. मोठ्या पोरीचा जमलाय पन, मे महिन्यात."

"वा वा, दशरथराव! आणि तुम्ही? खांदा दुखला नाही ना पालखी धरून?"

"मी नव्हतो ना. गावकीनं तसा ठरवलान. जेलात जाऊन आलेला मानूस घरात असला तर पालखी चढत नाय. नि आता मी घरात ऱ्हात पन नाय, पोरीची सोयरीक मोडंल. वर सड्यावर, गावाभायर, खोपटा बांधलाय. जेवान वहिनी पाठवते पोराकडनं." मग घाईनं म्हणाले, "पन तितनं ढोल चांगला ऐकू येतो हां. सगला ऐकला मी."

"किती दिवस, दशरथराव? किती दिवस राहायचं असं?"

"दिवस कसले ओ मॅडम," ते म्हणाले आणि हसले. "तुमचा तिकडचा बरा. चार वर्षं म्हनाले, नि चार वर्षांच्या आत सोडलान पन."